होडीच्या वाट्याचं पाणी

आमच्या सोसायटीच्या ठरावांच्या वहीत माझ्या अक्षरातला एक ठराव आहे. अक्षर वळणदार आहे, भाषा शुद्ध आहे, एकही खाडाखोड नाही. "इमारतीच्या तळमजल्यावरील मोकळ्या जागेत ठेवलेली लाकडी होडी डासांच्या उत्पत्तीस कारण ठरत असल्याने ती पूर्ण कोरडी करून गच्चीवर हलवावी, असे सर्वानुमते ठरले." खाली सेक्रेटरी म्हणून माझी सही. त्या सर्वानुमतात होडीच्या मालकाचं मत तेवढं नव्हतं. मालक म्हणजे माझे सासरे. ते तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून, डोळ्याला हिरवी पट्टी लावून, खडवलीला माझ्या नणंदेकडे बसले होते.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. कळव्याला खाडीपासून पंधरा मिनिटांवर आमची तीन मजली बिल्डिंग होती. ती उभी होती सासऱ्यांच्याच अंगणात. पूर्वी तिथे त्यांचं कौलारू घर होतं, पुढे अंगण, अंगणात जाळी सुकायला घातलेली आणि एका कडेला ही होडी. बिल्डर आला, एक फ्लॅट देतो म्हणाला, थोडे पैसे देतो म्हणाला. सासऱ्यांनी एकच विचारलं, "आनि होडी कं ठेवायची?" बिल्डर म्हणाला, "काका, खाली खांबांमध्ये एवढी जागा आहे, बिनधास्त ठेवा. कोण बोलणार तुम्हाला?" कागदावर यातलं काही आलं नाही. सासऱ्यांनी ते मागितलंही नाही. माणसानं तोंडानं सांगितलं म्हणजे सांगितलं, असं मानणाऱ्या पिढीतले ते कोळी.

बिल्डर पुढच्या प्लॉटवर निघून गेला. होडी राहिली, आणि बोलणारे बावीस फ्लॅट राहायला आले.

मी या घरात आले ती डोंबिवलीहून. वडील शाळामास्तर, मूळ गाव साताऱ्याकडचं, घरात नदी म्हणजे पुलावरून बघायची गोष्ट. नवरा कॉलेजात भेटलेला. आईनं दोन वर्षं अबोला धरला आणि मग तिसऱ्या दिवाळीला स्वतःच फराळाचा डबा घेऊन आली. मी मासे साफ करायला शिकले, काटे काढायला शिकले, खाडीच्या वासाचीही सवय झाली. पाण्याची भीती मात्र गेली नाही. लग्नानंतरच्या पहिल्या नारळी पौर्णिमेला सासऱ्यांनी विचारलं होतं, "येतंस का गो?" घरच्या होडीतून घरच्या बाईनं खाडीला नारळ द्यायचा, ही आमच्या घरची रीत. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मी म्हटलं, "बाबा, मला भीती वाटते." ते 'बरं' म्हणाले, स्वतःच नारळ सोडून आले, आणि नंतर कधी विचारलं नाही. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

होडी अकरा फुटांची, सासऱ्यांच्या वडिलांनी करवून घेतलेली. मासळी केव्हाच गेली होती. वरच्या अंगाला कंपन्या आल्या, त्यांचं पाणी खाडीत आलं आणि जाळ्यात चिखल यायला लागला. सासरे स्वतः त्यातल्याच एका कंपनीत बॉयलरवर लागले आणि तिथूनच रिटायर झाले. तरी होडी ठेवली. शिमग्याला तिची पूजा, नारळी पौर्णिमेला ती पाण्यात, मधे कधी मन झालं तर एकटेच वल्हं खांद्यावर टाकून, हातगाडीवर ती घालून निघायचे. अंगण गेलं, घर गेलं, बायको गेली. होडी हेच त्यांचं म्हणावं असं उरलेलं होतं, आणि हे मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

एरवी ती खाली दोन लाकडी ओंडक्यांवर असायची. आत गोणपाटं अंथरलेली. रोज सकाळी सासरे त्या गोणपाटांवर दोन बादल्या पाणी ओतायचे. चांगलं पाणी नव्हे, कपड्यांच्या शेवटच्या विसळणाचं. पण बादली ती बादली. नळाला सकाळी चाळीस मिनिटं पाणी, उन्हाळ्यात तेही एक दिवसाआड, टँकर आला की जिन्यात कळशा-हंड्यांची रांग. आणि त्या रांगेदेखत हा म्हातारा एका लाकडाला पाणी पाजतोय. लोक काय बोलत असतील ते सांगायला नको. वर्षाकाठी एकदा होडीला माशाचं तेल चोपडलं जायचं, तेव्हा तर चौथा दिवस उजाडेपर्यंत कुणी आमच्याशी धड बोलायचं नाही.

सेक्रेटरी मी कशी झाले? तर मराठीची शिक्षिका म्हणून. पत्रं चांगली लिहिते, असं चेअरमन म्हणाले, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढले.

एप्रिलमध्ये सासऱ्यांचं ऑपरेशन झालं. तेव्हा त्या ऑपरेशनचं फार मोठं पथ्य असायचं. दीड महिना वाकायचं नाही, उचलायचं नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, डोळ्याला पाण्याचा थेंब लागता कामा नये. आमच्याकडे तिसरा मजला आणि पाण्याची बोंब, म्हणून नणंद त्यांना खडवलीला घेऊन गेली. निघताना त्यांनी मला होडीपाशी उभं केलं. म्हणाले, "गोनपाट सुकू द्यायचा नाय गो. दोन बादल्या. बाकी काय नाय."

"हो बाबा," मी म्हटलं.

आठवडाभर मी दोन बादल्या ओतल्या. मनात म्हणत होते, काय हा वेडेपणा. आमच्या डोंबिवलीच्या घरी फरशी पुसताना आई लाकडी पलंगाच्या पायांखाली विटा सरकवायची. लाकडाला ओल लागली की कीड लागते, वाळवी लागते, हे मला जन्मापासून माहीत. म्हातारी माणसं तुळशीला घालतात तसं हे होडीला घालतायत, एवढंच मी समजत होते.

नवव्या दिवशी पहिल्या मजल्यावरची बाई आमच्या दारात आली. तिच्या पाच वर्षांच्या मुलीला चार दिवस हुडहुडी भरून ताप येत होता, आणि रक्त तपासल्यावर मलेरिया निघाला होता. बाई भांडायला आली नव्हती. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं, कारण भांडणात मी कुणाला हार जात नाही. तिनं फक्त एक काचेची बरणी माझ्या हातात दिली. आत गढूळ पाणी, आणि पाण्यात बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या.

"तुमच्या होडीतनं काढल्यात," ती म्हणाली. "बघा." आणि ती रडायला लागली.

मी खाली जाऊन गोणपाट उचललं. खरंच होत्या.

त्याच संध्याकाळी चेअरमननी मीटिंग बोलावली. ते मंत्रालयातून रिटायर झालेले, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "हे लक्षात घ्या" म्हणायचे. कुणी म्हणालं होडी फेकून द्या, कुणी म्हणालं भंगारवाल्याला बोलवा, एकजण म्हणाला होळीलाच द्यायला हवी होती. लोक हसले. मला संताप आला. माझ्या सासऱ्यांच्या होडीवर हसणारे तुम्ही कोण? तुमचं सगळं घर त्यांच्या अंगणात उभं आहे. पण हे मी बोलले नाही. मी हुशारी केली. उभी राहिले आणि म्हटलं, "फेकायची नाही. गच्चीवर नेऊ. पूर्ण वाळवून, पालथी घालून ठेवू. अळ्या मरतील, पार्किंग मोकळं होईल, आणि होडीही चांगली टिकेल."

टाळ्या पडल्या. एका दगडात दोन पक्षी. मी तर तीन मारले होते.

रात्रपाळीला निघालेला नवरा बूट घालता घालता म्हणाला, "अगं, बाबा येईपर्यंत थांब ना. त्यांना विचारू."

"त्यांना काय विचारायचं? ते नाहीच म्हणणार. आणि त्या पोरीला परत ताप आला तर? लाकूड मला कळतं."

तो नाडी बांधून निघून गेला. तोही कंपनीतला माणूस, होडीचं त्याला जेवढ्यास तेवढं माहीत. त्याला दोष देत नाही.

होडी जिन्यातून वळेना. शेवटी कुणाच्या तरी ओळखीनं टेंभी नाक्याची गोविंदाची पोरं आणली. त्यांनी गच्चीवरून दोर सोडले, होडीला आडवे-उभे वेढे दिले आणि "खेच रे, खेच!" करत ती भिंतीच्या कडेनं वर ओढायला लागली. अख्खी बिल्डिंग खाली माना वर करून उभी. दुसऱ्या मजल्यापाशी ती गोल फिरली आणि छज्ज्यावर आपटली. धाड्. सगळ्यांच्या तोंडून आवाज निघाला. क्षणभर वाटलं, बास, खाली घ्या तिला. पण ठराव झाला होता, आणि तो मीच मांडला होता.

वर विटांवर ती पालथी घातली. वळवाच्या सरीचा थेंब लागू नये म्हणून मी ठाण्याहून निळं प्लॅस्टिक आणून चारी बाजूंनी दोरीनं घट्ट बांधलं. पुढचे सहा आठवडे अधूनमधून वर जायचे, प्लॅस्टिक नीट आहे ना बघायचे. गच्ची इतकी तापायची की चपलेतूनही चटका बसायचा. मी हात लावायचे, लाकूड कडकडीत कोरडं. मला फार बरं वाटायचं. खाली ती मुलगीही बरी झाली होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सासरे आले. पाऊस अजून नव्हता. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात पिशवी, बरोबर नणंद. रिक्षातून उतरल्यावर जिन्याकडे न जाता ते आधी खांबांमधल्या जागेकडे वळले. तिथे एक स्कूटर उभी होती आणि जमिनीवर तेलाचा जुना डाग.

"होडी कं हाय?"

"गच्चीवर, बाबा," मी म्हटलं. मला अजूनही सांगताना अभिमान वाटत होता, याची लाज मला आजही वाटते. "छान ठेवलीय. एकदम कोरडी."

"कोरडी?" ते म्हणाले.

मग ते कठड्याला धरून तीन मजले चढले. नणंद "बाबा, सावकास" म्हणत मागे, मी त्यांच्यामागे. गच्चीवर दुपारचं ऊन रणरणत होतं. त्यांनी गाठी सोडल्या, प्लॅस्टिक ओढून काढलं. आणि डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून दहादा बजावलेला माणूस गुडघ्यांवर बसून, गाल जमिनीला टेकवून, पालथ्या होडीच्या खाली बघायला लागला.

बराच वेळ ते तसेच होते. म्हणून मीही वाकले.

आत उजेड होता. पालथ्या होडीच्या आत अंधार असायला हवा. तिथे गच्चीच्या कोब्यावर उन्हाच्या लांब लांब रेघा पडल्या होत्या, पुढच्या नाळेपासून मागच्या टोकापर्यंत. फळ्याफळ्यांमधल्या सांध्यांतून ऊन सरळ आत येत होतं. एका फटीत तर माझं बोट गेलं.

सासरे उठले, गुडघे झटकले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर मी पाया पडले असते. ते खाली गेले, हातपाय धुतले, पुढ्यात वाढलेलं जेवले. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. माझ्याशी एक अक्षर नाही. नणंदेनं निघताना मला जिन्यात गाठलं आणि हळूच म्हणाली, "वहिनी, सुकल्याली होडी म्हंजी मेल्याली होडी. तुला कुनी सांगितला नाय का?"

सांगितलं होतं. दोन बादल्या, एवढंच सांगितलं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

रविवारी मी डोंबिवलीला गेले. कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. वडील पेपर वाचत होते. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "अगं, आपल्या गावी बैलगाडीची चाकं उन्हाळ्यात ओढ्यात नेऊन ठेवायचे. लाकूड आटलं की वर चढवलेली लोखंडी धाव सैल होते, चाक मोडून पडतं. पाण्यात फुगलं की पुन्हा घट्ट."

"मला कधी बोलला नाहीत."

"तू कधी विचारलं नाहीस."

म्हणजे हे शहाणपण खाडीतच होतं असं नाही, माझ्या माहेरच्या ओढ्यातही होतं. मी जेवायला न थांबता परत निघाले. सासऱ्यांपुढे जायचं, माझं चुकलं म्हणायचं, बोलले नाहीत तरी म्हणायचं, असं घोकत कळव्याला उतरले.

गेटपाशी चेअरमन उभे होते. चेहऱ्यावर समाधान. "वहिनी, तुमच्या सासऱ्यांनी दुपारी त्या पोरांकडून होडी उतरवून घेतली. हातगाडीवर घालून खाडीवर नेली. विचारलं तर म्हणाले, बुडवायला नेतो. एकदाचा निकाल लागला, हे लक्षात घ्या."

"एकटेच गेले?"

"हातगाडीवाला होता. तो मघाशीच परत आला."

नवरा कामावर. मी पर्स तिथेच त्यांच्या हातात कोंबली आणि पळत सुटले. पंधरा मिनिटांची वाट, मधे तिवरांची झाडी, मग मिठागरांचा बांध. साडी पायात येत होती. डोक्यात एकच चाललं होतं, या माणसाचं जे एक उरलं होतं ते मी मारलं, आता ते बुडवून हा माणूस परत येणार आहे का? आणि दुसरं, तितकंच मोठं, डोळ्यांत खाडीचं पाणी गेलं तर. आजवर इतकी भीती मला कशाची वाटली नव्हती, खाडीचीही नाही.

बांधावर आले तर भरती चढत होती. काठापासून पंधरा-वीस पावलांवर होडी निम्मी पाण्याखाली आणि सासरे तिच्या आत उभे. पाणी मांड्यांपर्यंत. काळा चष्मा, हनुवटी वर केलेली, एका हातात बांबूला बांधलेला दोर.

"बाबा! बाहेर या!" मी ओरडले आणि चिखलात उतरले. चौथ्या पावलाला गुडघ्यापर्यंत गेले. एक चप्पल गेली, दुसरीही गेली.

"थांब तिथंच!" चार दिवसांत ते पहिल्यांदा माझ्याशी बोलत होते. "चिखल गिळंल तुना. कनाला आलीस?"

"माझं चुकलं. बाबा, माझं चुकलं. तिला बुडवू नका. आपण दुरुस्त करू, कुणाला तरी बोलवू, मी पाया पडते, पण तुम्ही बाहेर या."

ते माझ्याकडे वळले. काळ्या चष्म्यामागे काय होतं ते दिसत नव्हतं. मग म्हणाले, "बुडवल्याबिगर पिनार कशी ती? दीड महिना तान्हेली हाय. पिऊ दे तिला."

मला काही कळेना. मी तशीच चिखलात रुतून रडत होते.

"अगो, आठ-पंधरा दीस पान्याखाली ठेवायची. लाकूड फुगतंय. फुगला तर सांधा मिलतंय. नाय तर नाय." आणि मग, जाळं मागावं तितक्या सहज, "तो बांधावरचा दगड दे इकडं. हलकी हाय, वर येतंय सारखी."

मी चिखलातून पाय उपसले आणि बांधावरचे दगड उचलून द्यायला लागले. चिखलात एक पाऊल मागे, दोन पुढे. कधी उजवीकडून जा म्हणायचे, कधी झुडपाची मुळं धरून ये म्हणायचे. किती दगड दिले मोजले नाहीत. पाणी माझ्या कमरेला आलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी खाडीत उभी आहे. एक लाट आली, त्यांच्या छातीवर फुटली. त्यांनी मान मागे टाकून डोळ्यावर तळवा धरला, पण शिंतोडे उडालेच. होडी एकदा बुडबुडली आणि गेली. वर फक्त बांबू आणि दोर राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांचा डोळा लालभडक. डॉक्टरांनी ड्रॉप्स घातले, दृष्टीचं आत्ता काही सांगता येणार नाही म्हणाले, आणि मग माझ्यावर उखडले, "घरात कोणी शहाणं माणूस नाही का?" मी मान खाली घातली. होतं ना, तेच नडलं होतं.

त्यानंतरचे दिवस मी ओहोटीच्या वेळा शिकले. शाळा सुरू झालेली, तरी पाणी उतरायच्या सुमाराला बांधावर जायचेच. सासरे एका डोळ्यावर पट्टी लावून आधीच आलेले असायचे. पाणी उतरलं की होडीची नाळ दिसायची, ते आत हात घालून सांधे चाचपायचे आणि मान हलवायचे. अजून नाय. पाऊस लागला. दोन आठवडे गेले, तीन गेले. बिल्डिंगमध्ये चेअरमननी रिकाम्या जागेत रंगानं स्कूटरचे चौकोन आखून घेतले. मी विचारलं, होडी परत आली तर? ते म्हणाले, "ठराव तुमच्याच अक्षरात आहे, हे लक्षात घ्या."

तेवीस-चोवीस दिवसांनी दगड काढून होडी वर घेतली. सांधे मिटले होते, बरेचसे. सासऱ्यांनी उरलेल्या फटींत कापूस ठासला, वर राळ आणि तेल भरलं. मी शेजारी बसून कापसाच्या वाती वळून देत होते. तळाचा एक सांधा मात्र हट्टाला पेटला होता. कितीही भरा, दुसऱ्या दिवशी राळेला केसाएवढी चीर.

"धरंल का हो, बाबा?"

"पुनवेला कलंल," ते म्हणाले. "तरली तर घरी नेऊ. तुज्या त्या चौकोनात ठेवू. नाय तरली तर सरपनाला द्यायची. परत परत बुडवत नाय बसायचा मी. माजा पन वय झाला."

नारळी पौर्णिमेच्या दिवशी भरती दुपारची होती. पाऊस थांबलेला. धक्क्यावर बाकीच्या होड्या पताका लावून सजलेल्या, ढोल-ताशे, बायकांच्या केसांत वेण्या. आमची होडी त्यात काळी, ठिगळाठिगळांची. नवऱ्यानं ती पाण्यात ढकलून दिली, सासरे चढले, वल्हं घेतलं. त्यांच्या डोळ्यांवर नवा चष्मा होता, बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगांचा. त्यातून त्यांना नेमकं किती दिसतं ते ते सांगत नव्हते आणि विचारायची माझी छाती नव्हती. मी सोनेरी कागद लावलेला नारळ घेऊन काठावर उभी. त्यांना द्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तो घेतला नाही.

"येतंस का गो?" ते म्हणाले.

मला पोहता येत नव्हतं. होडीचा भरवसा नव्हता. तिचा भरवसा नव्हता तो माझ्यामुळे. मी नवऱ्याचा हात धरून आत पाऊल टाकलं आणि मधल्या फळीवर बसले.

काठ मागे सरकला. ढोल लांब गेले. मी नारळ छातीशी घट्ट धरून समोर बघत होते, बाजूला बघायचा धीर नव्हता. मग उजव्या तळव्याला गार लागलं. खाली पाहिलं तर तोच सांधा. राळेच्या चिरेतून पाणी दोऱ्यासारखं आत येत होतं. बघता बघता तळाशी बोटभर साचलं.

मी टाच त्या चिरेवर दाबून धरली आणि वर साडीचा काठ ओढून घेतला. सरपणाला द्यायची, असं ते म्हणाले होते. काठावर पोचेपर्यंत टाच काढायची नाही, पाय मोडला तरी बेहत्तर. चेहरा मी अगदी साधा ठेवला. सासरे वल्हं मारत होते, नजर लांब पुलाकडे. खाडीच्या मध्यावर येईपर्यंत माझ्या पोटरीत गोळा आला होता.

त्यांनी वल्हं आत घेतलं. होडी डुलत थांबली. मला वाटलं, आता नारळ सोडायचा.

"टाच काड," ते म्हणाले.

मी हलले नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "बाबा, थोडंच येतंय. अगदी थोडं. मी उपसते. सरपणाला नका देऊ."

"टाच काड गो. नवी होडी पन पयल्या दिसाला पीतंय. पिऊ दे तिला."

मी टाच उचलली. त्यांनी बसल्या जागेखालून डालड्याचा रिकामा डबा काढून माझ्याकडे सरकवला. मी तो घेतला, नारळ मांडीत ठेवला आणि पाणी उपसायला लागले. दहा डबे, वीस डबे. ते बघत होते, घाई नव्हती. मग दोरा बारीक झाला, मग नुसते थेंब, मग तेही थांबले. मी हात फिरवून पाहिला. सांधा ओला होता आणि बंद होता.

"आता दे," सासरे म्हणाले, आणि मी दोन्ही हातांनी नारळ पाण्यात सोडला.